एकाच शिफ्टमध्ये प्रत्येकाशी वेगळे वागावे का?

मायक्रॉन

भोसरीतील एका मशीन शॉपमध्ये मी गेल्या दिवाळीनंतर शिफ्ट इनचार्ज झालो. त्याआधी तिथेच सेटर, म्हणजे मशीनवर जॉब लावून देणारा, होतो, त्यामुळे आज जे माझ्या हाताखाली काम करतात त्यांतील निम्म्यांबरोबर मी वर्षानुवर्षे डबा खाल्लेला आहे. मशीनचे मला कळते. माणसांच्या बाबतीत मात्र एका मुद्द्यावर जाणत्यांचे मत हवे आहे.

माझ्या शिफ्टमधील तिघांविषयी लिहितो. पहिले तात्या. सर्वांत जुने सेटर. इन्सर्ट (हत्याराचे कापणारे टोक) झिजला की त्यांना तो आवाजावरून कळतो. त्यांना जॉब कोणता आणि नग किती एवढेच सांगावे लागते. त्यांचा पीस कोणी पुन्हा मोजायला घेतला तर ते मायक्रोमीटर खाली ठेवून चहाला निघून जातात. दुसरा आयटीआय करून आलेला शिकाऊ मुलगा. हुशार आहे, पण काही विचारत नाही. मागच्या आठवड्यात २५ एच-७ च्या बोअरवर (२५ मिमी व्यासाच्या अचूक छिद्रावर) माप थोडे लहान येऊ लागले, तेव्हा वेअर ऑफसेटमध्ये, म्हणजे हत्याराच्या झिजेची भरपाई करणाऱ्या आकड्यात, ०.०१ मिमी भरायच्या ऐवजी त्याने ०.१ भरले. या बोअरला एकूण टॉलरन्स (मापात चालणारा फरक) २१ मायक्रॉनचा आणि हा निघाला होता १०० मायक्रॉन द्यायला. मी मागे उभा होतो म्हणून सायकल स्टार्ट दाबण्याआधी त्याला थांबवता आले. तिसरा ऑपरेटर या दोघांच्या मधला. हात चांगला आहे, पण कामात मन राहिलेले नाही. त्याला प्रोग्रॅमिंग शिकायचे आहे आणि वर्षानुवर्षे तो एकाच लेथवर आहे.

साहजिकच मी तिघांशी तीन प्रकारे वागतो. तात्यांकडे फिरकत नाही, मुलाच्या मशीनवर तासातासाला जातो, आणि तिसऱ्याशी कामापेक्षा गप्पाच जास्त मारतो. परवा चहाच्या वेळी तिसऱ्याने सर्वांसमोर विचारले, "तात्यांचा पीस तुम्ही बघत नाही, आमचे बघता. इथे नियम माणूस बघून लागतात का?" मी उत्तर दिले नाही, कारण प्रश्न अगदीच चुकीचा वाटला नाही. जो जसा आहे त्याच्याशी तसे वागावे हे मला पटते, पण पक्षपात कुठे सुरू होतो हे कसे ओळखावे?

निवांतराव

तात्यांना विचारून पाहा. तुमच्याशी कोणत्या शैलीने वागायचे, हे त्यांनी तुमच्या बढतीच्या दिवशीच ठरवून ठेवले असेल.

स्थायी_आदेश

मी कामगार संघटनेत पुष्कळ वर्षे काम केले आहे, त्यामुळे माझे मत थोडे कडू लागेल. आपल्याकडे १९४६ च्या कायद्याने कारखान्यांमध्ये स्थायी आदेश आले ते कशासाठी? त्यापूर्वी हजेरी, रजा, शिक्षा हे सारे मुकादमाच्या आणि जॉबरच्या मर्जीवर चालत असे. त्यांपैकी प्रत्येक जण हेच म्हणत असे की, मी माणूस ओळखतो आणि त्याप्रमाणे वागतो. ज्याच्याशी त्याचे सूत जमत असे त्याला हलके काम आणि ज्याच्याशी बिनसले त्याला रात्रपाळी. या 'माणूस ओळखण्या'ला चाप बसावा म्हणून सेवेच्या अटी लेखी करून घ्याव्या लागल्या.

त्यामुळे मायक्रॉन, तुमच्या तिसऱ्या ऑपरेटरचा प्रश्न नुसता चुकीचा नाही असे नव्हे, तर तो पूर्णपणे रास्त आहे. तपासणी सर्वांची व्हावी, नाहीतर कोणाचीच होऊ नये.

सिस्टर_सकाळपाळी

स्थायी_आदेश यांचा मुद्दा मला निम्मा मान्य आहे. कोणता निम्मा, ते सांगते.

मी एका मोठ्या रुग्णालयात वॉर्ड इनचार्ज आहे. आमच्याकडे इन्सुलिन, हेपारिन, पोटॅशियम क्लोराईड अशी काही औषधे देण्यापूर्वी दोन परिचारिकांनी मात्रा पाहायची आणि दोघींनी सही करायची असा नियम आहे. काल रुजू झालेली मुलगी असो वा निवृत्तीला आलेली सिस्टर, त्यातून कोणालाही सूट नाही. या नियमामुळे ज्येष्ठ सिस्टरचा अपमान झाला असे आमच्याकडे कोणी म्हणत नाही, कारण तपासली जाते ती मात्रा. हा झाला समानतेचा भाग, आणि त्यात मी तडजोड करत नाही.

दुसरा भाग वेगळा आहे. नव्या मुलीला मी रुग्णाच्या खाटेजवळ उभे राहून क्रम सांगते: आधी ओळखपट्टी बघ, मग फाइल, मग कुपीवरचे लेबल मोठ्याने वाच. वीस वर्षे काम केलेल्या सिस्टरला असे सांगितले तर ती माझ्याशी आठवडाभर बोलणार नाही, आणि तिचे बरोबरच असेल. मात्र हीच ज्येष्ठ सिस्टर अस्थिरोग विभागातून अतिदक्षता विभागात आली की व्हेंटिलेटरसमोर ती नवखी असते. तिथे तिच्या एकूण अनुभवाकडे पाहून मी बाजूला झाले, तर ते रुग्णासाठी धोक्याचे ठरेल. तिला शिकवावेच लागते. ते मी सर्वांसमोर करत नाही, पाळी संपताना दोघीच असताना करते, आणि ड्रेसिंगच्या कामात तिला पूर्वीसारखेच मोकळे सोडते.

म्हणून तुम्ही तात्या, मुलगा आणि तिसरा अशी माणसांची जी विभागणी केली आहे, तीच मला थोडी खटकली. तात्यांना उद्या नवे पाच अक्षांचे मशीन दिले तर तेही शिकाऊच होतील ना?

रिकामटेकडा_अध्यापक

सिस्टरनी अनुभवातून जे लिहिले आहे, ते व्यवस्थापनाच्या वर्गात मी पुष्कळ जड भाषेत शिकवत असे. पॉल हर्सी आणि केन ब्लँचर्ड या दोघांनी १९६९ मध्ये ही मांडणी केली. नेतृत्वाच्या चार पद्धती त्यांनी सांगितल्या: नेमके काय करायचे ते सांगणे, पटवून देणे, निर्णयात सहभागी करून घेणे आणि काम सोपवून मोकळे होणे. यांतील कोणती वापरायची हे समोरच्या माणसाची क्षमता आणि तयारी पाहून ठरवायचे. ही क्षमता त्या विशिष्ट कामापुरतीच मोजायची असते, ही गोष्ट विद्यार्थी परीक्षेत लिहितात आणि नोकरीत विसरतात. मग एकदा 'हा सोपवण्याजोगा माणूस' असा शिक्का बसला की तो सगळ्या कामांना लागू होतो.

एक मात्र सांगितले पाहिजे, नाहीतर हा सिद्धान्त फारच गुळगुळीत वाटेल. तो जितका लोकप्रिय झाला तितका पुरावा त्याच्या पाठीशी उभा राहिलेला नाही. रॉबर्ट व्हेकियो यांनी १९८७ मध्ये अमेरिकेतील माध्यमिक शाळांतील तीनशेहून अधिक शिक्षकांवर तो तपासून पाहिला. नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांना मुख्याध्यापकाकडून नेमके मार्गदर्शन अधिक लागते, इतपत तो टिकला. अनुभवी शिक्षकांच्या बाबतीत त्याचे भाकीत तितकेसे खरे ठरले नाही. म्हणजे मायक्रॉन यांच्या शिकाऊ मुलाविषयी शास्त्र त्यांच्या बाजूने आहे. तात्यांना एकटे सोडण्याला मात्र तेवढा भक्कम आधार नाही.

शिवाय फ्रेड फीडलर यांचा आक्षेप आहेच. १९६७ मध्ये त्यांनी असे मांडले की, नेत्याची शैली हा त्याच्या स्वभावाचा भाग असतो आणि ती फारशी बदलत नाही. त्याऐवजी त्याला शोभेल अशा जागी त्याला नेमावे किंवा परिस्थिती बदलावी. तिघांशी तीन प्रकारे वागणे मायक्रॉन यांना जमत असेल तर चांगलेच आहे. सर्वांना ते जमते असे समजू नये.

हिंजवडी_एक्झिट

आमच्या क्षेत्रात तर याचे प्रशिक्षणच देतात. दोन दिवस हॉटेलात बसून प्रत्येक सहकाऱ्याशी त्याच्या स्वभावानुसार कसे वागावे हे शिकवले जाते, आणि मार्च महिन्यात त्या सर्व वेगवेगळ्या स्वभावांना एकाच बेल कर्व्हमध्ये, म्हणजे ठरलेल्या प्रमाणातल्या श्रेणींमध्ये, कोंबायला सांगतात.

विनोद सोडा, पण यात एक खरी अडचण आहे. ज्याला मी रोज मार्गदर्शन केले त्याच्या कामाविषयी माझ्याकडे पानभर टिपणे असतात, आणि ज्याच्यावर विश्वासाने सोपवले त्याच्याविषयी सांगायला माझ्याकडे काहीच नसते. मूल्यमापनाच्या बैठकीत पहिल्याची प्रगती डोळ्यांत भरते. दुसऱ्याचे काम व्यवस्थित चालू होते, एवढेच वाक्य उरते.

मधली_फळी

हिंजवडी_एक्झिट यांच्या त्या 'दुसऱ्यां'पैकी मी एक आहे, म्हणून ही बाजूही मांडते. मी पुण्यातच एका लेखापरीक्षण करणाऱ्या कार्यालयात काम करते. माझे काम चांगले आहे असे ठरल्यानंतर साहेबांनी माझ्याशी बोलणेच बंद केले. भांडण वगैरे काही नव्हते. माझ्या शेजारी बसणाऱ्या नवख्या मुलाला ते बोलावून घेत, त्याच्या फाइलवर पेन्सिलीने खुणा करून देत, एखादी नोंद तशी का केली असे विचारत. माझी फाइल सही होऊन परत येई, इतकेच. त्या खुणा मला हव्या होत्या. बँकेच्या कर्जखात्यांच्या लेखापरीक्षणात मी चाचपडत होते आणि ते विचारण्याची सोय राहिली नव्हती, कारण मी 'तयार' समजली जात होते.

मायक्रॉनदादा, तुम्ही तात्यांकडे फिरकत नाही असे लिहिले आहे. त्यांना ते आवडते असे तुम्ही गृहीत धरले आहे का, की त्यांना विचारले आहे? त्यांचा पीस कोणी पुन्हा मोजला तर त्यांना राग येतो, हे खरे असेल. पण शेजारी उभे राहून "हा आवाज तुम्हाला कसा कळला?" असे कोणी विचारले तरी राग येतो का?

गल्ली_क्रिकेट

या विषयात इंग्लंडचा कर्णधार माईक ब्रेअर्लीचे नाव अजून कसे आले नाही? १९८१ च्या अ‍ॅशेस मालिकेत बोथमचे कर्णधारपद गेले आणि हेडिंग्लेच्या कसोटीपासून ब्रेअर्ली परत आला. बोथम लॉर्ड्सवर दोन्ही डावांत शून्यावर बाद झालेला. ब्रेअर्लीने त्याला उपदेश केला नाही, त्याच्या धावण्याची थट्टा करून त्याला डिवचले. गडी चिडला आणि त्याच कसोटीत सहा बळी, अर्धशतक आणि नाबाद १४९. दुसरीकडे बॉब विलिस. तो नो-बॉलच्या धास्तीने अडखळत होता, त्याला ब्रेअर्लीने नो-बॉलचा विचारच सोडून वेगाने सरळ टाकायला सांगितले आणि गोलंदाजीचे टोक बदलून दिले. विलिसने ४३ धावांत आठ बळी घेतले. फॉलोऑननंतर इंग्लंड १८ धावांनी जिंकले. एकाला डिवचायचे आणि दुसऱ्याच्या डोक्यावरचे ओझे काढायचे, हे ज्याला कळले तो कर्णधार.

आणि स्वतः ब्रेअर्ली? ३९ कसोटी, एकही शतक नाही, सरासरी २३ च्याही खाली. पण कर्णधार म्हणून ३१ पैकी १८ जिंकल्या आणि फक्त चार हरल्या.

कट्टर_दादरकर

एवढ्यासाठी इंग्लंडला जायची गरज नव्हती. आचरेकर सर शिवाजी पार्कवर यष्टीवर एक रुपयाचे नाणे ठेवत. जो गोलंदाज सचिनला बाद करील त्याचे ते नाणे, आणि सत्रभर नाबाद राहिला तर सचिनचे. अशी तेरा नाणी सचिनने जपून ठेवली आहेत. शिवाय सर त्याला स्कूटरवर मागे बसवून एका मैदानावरून दुसऱ्या मैदानावर सामने खेळायला नेत.

स्थायी_आदेश

कट्टर_दादरकर, तुम्ही माझ्याच बाजूचे उदाहरण दिलेत. त्याच नेटमध्ये घाम गाळणाऱ्या इतर मुलांसाठी स्कूटर नव्हती. सचिन सचिन झाला म्हणून आज आपण त्याला दूरदृष्टी म्हणतो; नसता झाला तर त्यालाच लाडावणे म्हटले असते.

कट्टर_दादरकर

यष्टीवरचे नाणे सर्वांना दिसत होते आणि ते कसे मिळवायचे हेही सर्वांना ठाऊक होते. स्कूटरचे म्हणाल तर ती एकच होती, आणि मागे एकालाच बसता येत होते.

निवांतराव

एकूण काय, तात्यांना डिवचायचे, मुलाच्या मशीनवर नाणे ठेवायचे आणि तिसऱ्याला स्कूटरवरून चाकणला नेऊन प्रोग्रॅमिंग शिकवायचे. धागा सुटला.

बालाघाट

क्रिकेट झाले असेल तर थोडे गंभीर लिहितो. मी बीड जिल्ह्यातला. आमच्या गावातून दरवर्षी ऊसतोडीला टोळ्या जातात. नवराबायकोच्या जोडीला एक कोयता म्हणतात. मुकादम हंगामाआधी त्या कोयत्याला उचल देतो आणि मग हंगामभर ती कामातून फिटते. कोणाशी कसे वागायचे हे आमच्याकडच्या मुकादमाइतके कोणत्याही प्रशिक्षणात शिकवत नसतील. कोणाच्या घरी लग्न आहे, कोण आजारी आहे, कोणाची उचल जास्त आहे, हे सगळे त्याला तोंडपाठ असते. ज्याची उचल जास्त त्याला तो कडक बोलू शकतो, कारण तो टोळी सोडून जाऊ शकत नाही. ज्याच्या हातात गुण आहे आणि जो दुसऱ्या टोळीत जाऊ शकतो, त्याच्याशी तो गोड असतो. एक दिवस काम बुडाले तर खाड्याचे (गैरहजेरीच्या दंडाचे) पैसे कोणाकडून घ्यायचे आणि कोणाला सोडायचे, हेही तोच ठरवतो.

सगळेच मुकादम वाईट असतात असे मी म्हणत नाही. माझे चुलते याच कामात होते आणि आजारी माणसाला घरी पाठवून त्याच्या वाट्याची मोळी स्वतः बांधणारे होते. पण माणूस ओळखणे ही ताकद आहे आणि ती दोन्हीकडे चालते, एवढे लक्षात ठेवावे. सिस्टर ज्येष्ठ परिचारिकेला एकांतात शिकवतात, ते तिच्या मानासाठी. आमचा मुकादमही एकांतातच बोलतो. म्हणून मी एकच कसोटी लावतो: एखाद्याशी तुम्ही असे का वागता, हे त्याला तोंडावर सांगता येईल का? सिस्टर सांगू शकतील. "तुझी उचल फिटलेली नाही म्हणून मी तुला दरडावतो", असे मुकादम सांगू शकणार नाही.

सिस्टर_सकाळपाळी

बालाघाट, तुमची कसोटी मला फार आवडली. मी प्रत्यक्षात तसे करतेच. अतिदक्षता विभागात आलेल्या त्या सिस्टरला पहिल्याच दिवशी मी म्हटले होते की, व्हेंटिलेटरच्या बाबतीत तुम्हाला मी काही दिवस नवख्या मुलीसारखे प्रश्न विचारणार आहे, बाकी कामात लुडबुड करणार नाही. थांबावेसे वाटेल तेव्हा तुम्हीच सांगा. त्यांनी ते मला सांगितलेही, माझ्या अपेक्षेपेक्षा बरेच आधी.

रिकामटेकडा_अध्यापक

बालाघाट यांच्या मुद्द्याला पूरक असे एक संशोधन आठवले. जॉर्ज ग्रेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकात असे दाखवले की वरिष्ठ आपल्या हाताखालच्या सर्वांशी एकसारखे संबंध ठेवतच नाहीत. थोड्याच काळात विश्वासातले काही आणि उरलेले बाकीचे असे दोन गट पडतात. विश्वासातल्यांना मोकळीक, माहिती आणि चांगली कामे मिळतात, बाकीच्यांना नेमून दिलेले तेवढेच. पुढे याच अभ्यासकांनी आपला भर बदलला आणि वरिष्ठाने प्रत्येकाला निदान त्या जवळच्या संबंधाची संधी द्यावी असे मांडले.

मायक्रॉन यांच्या शिफ्टमध्ये तिसरा ऑपरेटर मला या दृष्टीने महत्त्वाचा वाटतो. त्याच्याशी गप्पा होतात, पण प्रोग्रॅमिंग मिळत नाही.

मायक्रॉन

सर्वांचे आभार. इतके उलटसुलट वाचून आता जे ठरवले आहे ते लिहितो, म्हणजे त्यातील चुका तुम्हाला दाखवता येतील.

तपासणीचे कोष्टक मी मशीनला चिकटवणार आहे. पहिला पीस सर्वांचा, तात्यांसकट, एअर गेजवर (हवेच्या दाबावर चालणाऱ्या मापकावर) दुसऱ्याने मोजायचा आणि दोन सह्या करायच्या; ही कल्पना सरळ सिस्टरांची आहे. तासाची तपासणी माणसाला न लावता जोडीला लावली आहे: ज्या माणसाने तो जॉब त्या मशीनवर आधी चालवलेला नाही, त्याची तपासणी तासाला, आणि सलग काही पाळ्या रिजेक्शन आले नाही की ती सैल. त्यामुळे मुलाच्या जुन्या जॉबवर माझ्या फेऱ्या कमी होतील, आणि पुढच्या महिन्यात येणाऱ्या नव्या कास्टिंगवर तात्यांच्याही मशीनवर मी जाईन. हे चहाच्या वेळी सर्वांसमोर सांगेन, कारण प्रश्नही तिथेच विचारला गेला होता.

तिसऱ्याला आठवड्यातून एकदा पाळी संपल्यावर संगणकावर बसवण्याची परवानगी मी वरून मागितली आहे. मिळाली तर मुलालाही विचारीन, नाहीतर पुन्हा स्कूटरचा प्रश्न येईल.

मधली_फळी, तात्यांना मी विचारलेले नव्हते. काल त्यांच्या मशीनजवळ जाऊन आवाजाचे विचारले. त्यांनी उत्तर दिले नाही, पण स्टूल सरकवून दिले आणि पुढचे चार पीस होईपर्यंत मला तिथून उठू दिले नाही. पीसवर दुसऱ्याची सही लागणार हे मात्र त्यांना अजून सांगायचे आहे. ते कसे सांगावे?

सिस्टर_सकाळपाळी

दुसरी सही करण्याचे काम आधी त्यांच्याकडेच द्या. मुलाचा पहिला पीस तात्यांनी मोजावा आणि त्यांचा मुलाने. मुलाला गेज धरायला शिकवताना ते आपोआप आपला पीस त्याच्या हातात देतील.

निवांतराव

आणि मुलगा तात्यांच्या पीसमध्ये चूक काढील त्या दिवशी या धाग्यावर कळवा. मी सुटी टाकून येतो.

स्थायी_आदेश

पद्धत चांगली आहे आणि मी माझा आधीचा आग्रह त्या मर्यादेत मागे घेतो. मात्र एक लेखी करून ठेवा. तात्यांनी मुलाच्या पीसवर सही केली आणि नंतर तो लॉट ग्राहकाकडून परत आला, तर जबाब कोणाकडे मागितला जाणार? दुसऱ्या सहीचा अर्थ 'मापले, बरोबर आढळले' एवढाच आहे आणि लॉटची जबाबदारी शिफ्ट इनचार्जची आहे, असे कोष्टकाच्या खालीच छापून घ्या. नाहीतर तात्या सही करणार नाहीत, आणि मी त्यांना करू नका असेच सांगेन.

मायक्रॉन

ती ओळ घालतो. सोमवारी आमची पहिली पाळी आहे, त्याआधी क्वालिटीवाल्यांकडून कोष्टक मंजूर करून घेतो.